साधं की पॉवर?

छत्रपती संभाजीनगरात पाडव्याला किंवा दसऱ्याला नवी गाडी ताब्यात आली की नारळ फुटतो देवळापुढे आणि टाकी भरते जालना रोडवरच्या कुठल्या तरी पंपावर. शोरूममधून निघताना काटा लाल रेषेच्या जरासा वर असतो, म्हणजे पंप गाठेपर्यंत पुरेल एवढंच. बोनेटवर झेंडूचा हार, सीटवर अजून प्लास्टिक. पंपावरचा पोरगा काचेशी वाकून विचारतो, "साहेब, साधं की पॉवर?" मागच्या सीटवर आई-वडील, शेजारी बायको. अशा वेळी 'साधं' म्हणायला माणसाला कसंसंच होतं.

या शहरातले एक गॅरेजवाले गेली कित्येक वर्षं याच प्रश्नाला उत्तर देत आले आहेत. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणतात. दहावीनंतर ते एका उस्तादाच्या हाताखाली पाने पुसायला लागले, पुढे एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली आणि मग स्टेशनच्या बाजूला स्वतःची शेड टाकली. कार्ब्युरेटर त्यांनी पाहिला, इंजेक्शन पाहिलं, टर्बो पाहिला आणि आता वीस टक्के इथेनॉलही पाहत आहेत. पेट्रोलबद्दलची त्यांची मतं या चार टप्प्यांवर चार वेळा बदलली. तसं ते स्वतःच सांगतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

उस्तादाकडे सगळं काम कानावर चालायचं. मारुती ८००चा डिस्ट्रिब्युटर किंचित सैल करायचा, हाताने तसूभर फिरवायचा, पुन्हा आवळायचा आणि गाडी घेऊन निघायचं. रस्ता मोकळा दिसला की चौथ्या गिअरमध्ये, गाडी संथ असतानाच ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनातून क्षणभर बारीक टकटक ऐकू आली आणि वेग पकडताच विरली, तर टायमिंग बरोबर. टकटक चालूच राहिली तर ठिणगी फार लवकर पडते आहे. आलीच नाही तर गाडी मेंगळट राहणार. त्या टकटकीला कुणी 'नॉकिंग' म्हणे, कुणी 'इंजिन खडखडतंय' म्हणे. मिस्त्रींना कारण कळलं ते पुष्कळ उशिरा, आवाज मात्र पहिल्या वर्षीच ओळखू यायला लागला.

कारण असं. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूने पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर ज्वाला पोहोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. हा फटका धातूला बसतो आणि टक् असा आवाज येतो. असं अवेळी पेटणं पेट्रोल कितपत टाळू शकतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन. मोजपट्टीच्या एका टोकाला नॉर्मल हेप्टेन, त्याला शून्य. दुसऱ्या टोकाला आयसो-ऑक्टेन, त्याला १००. पेट्रोलची परीक्षा एक सिलिंडरच्या खास इंजिनावर, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर होते आणि त्यातून जो आकडा मिळतो तो 'रॉन', रिसर्च ऑक्टेन नंबर. आपल्याकडे पंपावर चालतो तो हाच.

ऑक्टेन वाढला म्हणून पेट्रोलात जास्त ताकद येत नाही. लिटरभर ९५मध्ये लिटरभर ९१पेक्षा सांगण्यासारखी जादा उष्णता नसते. चष्म्याचा नंबर असतो तसा हा आकडा, ज्याचा त्याला. मिस्त्री हे हजारदा सांगून थकले आहेत, कारण समोरच्याला ते पटत नाही. महाग म्हणजे जोरकस, एवढं साधं गणित घेऊन माणूस आलेला असतो.

या गणिताला खतपाणी मिळालं २००२ सालापासून. भारत पेट्रोलियमने 'स्पीड' आणलं, मागोमाग इतर कंपन्यांची ब्रँडेड पेट्रोलं आली. पंपांवर रंगीत फलक लागले, वेगळी नोझल आली. साध्याहून निराळं पेट्रोल असतं हे शहराला तेव्हा कळलं. त्या पेट्रोलांपैकी पुष्कळांचा ऑक्टेन साध्याहून वेगळा नव्हता. त्यात जास्तीचं होतं ते इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारं रसायन, म्हणजे ॲडिटिव्ह. ऑक्टेन ही एक गोष्ट, ॲडिटिव्ह ही दुसरी. पण फलकावर दोन्ही 'पॉवर'मध्येच जमा. बरं, जादा पैसे सगळे त्या रसायनाचेही नसतात. ब्रँडेड पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क साध्यापेक्षा अधिक आणि राज्याचा व्हॅट टक्केवारीत, म्हणजे मूळ भाव वाढला की करही वाढणार.

या शहराच्या वाट्याला मात्र आणखी एक वेगळी गोष्ट आली, ती शेंद्र्यामुळे. २००१पासून शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली, पुढे तिथेच ऑडीही जुळली. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५पासून होताच, पण ती दुचाकीची दुनिया. शेंद्र्यामुळे युरोपात घडलेलं इंजिन गावातल्या गॅरेजच्या दारात आलं. त्या गाड्यांच्या पेट्रोलच्या झाकणाआड एक छोटा स्टिकर असायचा. सोबतच्या पुस्तकात त्याचा अर्थ दिलेला: पेट्रोल ९५ ऑक्टेनचं घाला, ९१ चालेल, पण ताकद थोडी कमी मिळेल. आणि त्या सुमारास, भारत स्टेज दोन या प्रदूषण-मानकाच्या काळात, इथल्या साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन होता ८८.

मिस्त्री ज्याला आपलं खरं शिक्षण म्हणतात ते याच काळातलं. एका उद्योजकाची टर्बो पेट्रोलची ऑक्टाव्हिया होती. त्यांची तक्रार मोठी चमत्कारिक. म्हणायचे, "मुंबईहून येताना गाडी नुसती उडते. इथं आली की दोन दिवसांत सुस्तावते. गावाचं पाणीच लागतं का तिला?" वर्कशॉपमध्ये प्लग बदलून झाले, एअर फिल्टर झाला, टर्बोचे पाइप तपासून झाले. आवाज नाही, टकटक नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. उस्तादाच्या कानाला सापडावं असं काहीच नव्हतं.

शेवटी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले आणि गाडी दौलताबादच्या रस्त्याला काढली. दिल्ली दरवाजाच्या चिंचोळ्या कमानीतून बस जाईपर्यंत थांबावं लागलं, मग खुलताबादचा घाट लागला. मे महिना, भर दुपार, एसी चालू. पडद्यावर चार रकाने होते, एकेका सिलिंडरचा एकेक. ठिणगी ठरल्या वेळेपेक्षा किती अंश मागे ढकलली जाते आहे, ते त्यात दिसत होतं. सपाटीवर चारही शून्य. चढाला ॲक्सिलरेटर दाबताच तीन, साडेचार, एका रकान्यात सहा. वळणावर पाय काढला की आकडे उतरायचे, पुन्हा दाबला की चढायचे. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ती टकटक माणसाच्या कानाआधी टिपत होता आणि संगणक ठिणगी मागे घेत होता. म्हणजे उस्ताद हाताने डिस्ट्रिब्युटर फिरवून जे करायचा, तेच हे यंत्र सेकंदात अनेकदा करत होतं. इंजिन शाबूत राहत होतं, बदल्यात ताकद जात होती.

पुढच्या खेपेस ते गृहस्थ मुंबईहून टाकी भरून आले, तिकडे तेव्हा वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं. गाडी थेट वर्कशॉपमध्ये आणवली आणि पुन्हा तोच घाट केला. चारही रकाने बहुतेक वेळ शून्यावर, फार तर कधीमधी एखादा हलायचा. तक्रार निकालात निघाली, पण इलाज गावात नव्हताच. मालकांना एवढंच सांगावं लागलं की गाडीत बिघाड नाही, झाकणातला कागद वाचा. पुढे भारत स्टेज चारपर्यंत येताना साधं पेट्रोल ९१चं झालं आणि त्या गाड्यांना निदान कागदावरची खालची पायरी मिळाली.

त्या घाटानंतर मिस्त्रींना एक सवय लागली. गाडी कुठलीही असो, आधी पेट्रोलचं झाकण उघडायचं.

२०१०च्या ऑक्टोबरात या शहराने देशभर नाव काढलं. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा दीडशे लोकांनी मिळून एका दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्यानंतर बड्या गाड्यांची वर्दळ वाढली आणि पंपावर एक मजेशीर रीत पडली: गाडीच्या पुढच्या भागावरचा बिल्ला बघून पोरगं परस्पर महागडं नोझल हातात घ्यायचं. बऱ्याच गाड्या डिझेलच्या निघायच्या, तो भाग वेगळा. उलट खऱ्या पेट्रोल मर्सिडीजला ९५ची गरज असताना "एवढी मोठी गाडी, तिला काय होतंय" म्हणून साधंच टाकणारेही होते. आणि त्याच रांगेत मागे उभा असलेला छोट्या हॅचबॅकचा मालक, ज्याच्या पुस्तकात ९१ किंवा अधिक एवढंच लिहिलेलं, तो हप्त्यातून पैसे वाचवून पॉवर भरत होता. मिस्त्रींच्या पाहण्यात ही उलटापालट फार. ज्याला लागतं तो टाळतो आणि ज्याला लागत नाही तो भक्तिभावाने भरतो.

असे भक्त त्यांच्याकडे येत ते बहुधा ॲव्हरेजची तक्रार घेऊन. एक शिक्षक दांपत्य आठवतं. नवी गाडी, पहिल्या दिवसापासून पॉवर, तरी शहरात ॲव्हरेज तेरा-चौदाच्या वर जाईना. बाईंनी हिशेबाची वहीच आणली होती. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, गाडी रोज जाते कुठवर?" सिडकोतून शाळेपर्यंत आणि परत, तेही वाटेत मुलाला क्लासला सोडत. थंड इंजिन गरम व्हायच्या आत बंद होत होतं आणि टायरमध्ये हवा कमी होती. मिस्त्रींनी हवा भरून दिली, मीटरच्या आकड्यावर न जाता टाकी फुल ते टाकी फुल असं मोजायला सांगितलं आणि एक महिना साधं, एक महिना पॉवर भरून पाहा म्हणाले. फरक वहीत दिसेना. ते समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाऊन आले तेव्हा मात्र दिसला, पण तो रस्त्याचा होता, पेट्रोलचा नव्हता. त्यातही पहिल्या फेरीला १२०ची मर्यादा गाठायच्या हौसेत ॲव्हरेज खाली आला आणि दुसऱ्या फेरीला ९०ने चालवल्यावर वर गेला.

हा काही मराठवाड्याचाच भोळेपणा नव्हे. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६मध्ये तपासणी केली होती. ज्या गाड्या साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या, त्यांना प्रीमियमने ताकद, ॲव्हरेज, धूर यांपैकी कशातच ठळक फायदा झाला नाही आणि वर्षभरात तिथल्या लोकांनी त्यापायी २१० कोटी डॉलर विनाकारण घालवले, असा त्यांचा हिशेब होता.

अमेरिकेवरून एक गंमत. सुट्टीवर आलेली मुलं वडिलांना सांगतात, "बाबा, आमच्याकडे साधं ८७चं आणि ९१ म्हणजे प्रीमियम. तुम्ही तर रोज प्रीमियमच भरता." वडील खूश होऊन गॅरेजमध्ये ही बातमी देतात. तिकडचा आकडा दोन परीक्षांची सरासरी असतो, आपला त्यातल्या एकाच परीक्षेचा. तिकडचं ८७ आणि इकडचं ९१ साधारण एकच. मिस्त्री हे हळूच सांगतात, कारण म्हाताऱ्या माणसाचा आनंद घालवायचं त्यांच्या जिवावर येतं.

ॲडिटिव्हबद्दल मात्र ते तुच्छतेने बोलत नाहीत. कमी फिरणाऱ्या, गावातल्या गावात घुटमळणाऱ्या गाडीचे इंजेक्टर त्यांनी बदलले आहेत आणि वर्षानुवर्षं ॲडिटिव्हचं पेट्रोल पिणाऱ्या काही गाड्यांचे इंजेक्टर उघडल्यावर लख्ख निघाल्याचंही पाहिलं आहे. पण त्यालाही मर्यादा. अलीकडच्या बऱ्याच टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवरून ते वाहतच नाही. मग त्या व्हॉल्व्हवर साचलेला काळा थर पेट्रोलातलं रसायन धुणार कसं? एका गिऱ्हाइकाने "मी तर कायम प्रीमियम भरतो" म्हणत हुज्जत घातली, तेव्हा मिस्त्रींनी इनटेक मॅनिफोल्ड खोलून बॅटरीचा उजेड आत पाडला. डांबरासारखा थर होता. तो शेवटी खरवडूनच काढावा लागला.

"पेट्रोलच खराब आहे" ही तक्रार तर बारमाही. पावसाळ्यात ती वाढते. अशा वेळी ते गिऱ्हाइकाला पंपाशी भांडायला न पाठवता त्याचे हक्क सांगतात. फिल्टर पेपर मागा, एक थेंब टाका, तो उडून गेल्यावर डाग राहायला नको. घनता फलकाशी पडताळा. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित भांडं मागा. आणि प्रीमियम भरायचंच असेल तर जिथे त्याचा खप आहे अशा पंपावर भरा. जिथे दिवसात दोनच गाड्या ते नोझल मागतात, तिथल्या टाकीत पेट्रोल किती दिवसांचं पडून आहे कोण जाणे. हा शेवटचा सल्ला कुठल्या पुस्तकात नाही, अनुभवाचा आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी प्रश्न इथवर सुटल्यासारखा वाटला होता. पुस्तकात ९१ लिहिलंय, साधं भरा. ९५ लिहिलंय, ९५ भरा. ९५ चांगलं, ९१ चालेल असं लिहिलंय, तर गावात ९१ आणि घाटात, उन्हाळ्यात, भरल्या गाडीला ९५. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी आणलं, पहिल्या दहा शहरांत पुणे होतं, दिल्लीतला भाव लिटरला १६० रुपये. गावातल्या काही हौशी बाइकवाल्यांनी पुण्याला जाऊन ते भरूनही आणलं. मिस्त्रींच्या लेखी तो विषय फटाक्यांच्या खर्चात मोडतो.

मग इथेनॉल आलं आणि सगळी मांडणी विस्कटली. २०२३च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५पर्यंत देशभर तेच साधं पेट्रोल होऊन बसलं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८च्या पुढे, त्यामुळे ते मिसळल्यावर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५वर गेला, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं आहे. म्हणजे ज्या आकड्यासाठी लोक लिटरमागे जास्तीचे पैसे मोजत होते, तो साध्या नोझलमधून येऊ लागला. प्रीमियम ९५ आणि साधं यांत उरला तो मुख्यतः ॲडिटिव्हचा फरक.

दुसरी बाजूही आहे. इथेनॉलच्या लिटरभरात उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींचा ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांचा एक-दोन टक्क्यांनी. त्यामुळे हल्ली काउंटरवर येणाऱ्याचा सूर निराळा असतो. ज्यांच्याकडे एप्रिल २०२३नंतरची गाडी आहे त्यांना मिस्त्री सांगतात, झाकण उघडा, ई-२० लिहिलेलं बघा, साधं भरा आणि निवांत राहा. टर्बो असली आणि पुस्तकाने ९५ मागितला असला तरी सध्या तेच उत्तर. हौस म्हणून अधूनमधून ॲडिटिव्हवालं भरलं तर त्यांची हरकत नाही.

जुन्या गाड्यांना मात्र ते एका वाक्यात उत्तर देत नाहीत. गाडी महिनोन् महिने उभी राहते का, टाकीत पाणी जाण्याची शक्यता आहे का, रबरी पाइप कधी बदलले, हे सगळं विचारतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. ऊसपट्ट्यातून येणारी गिऱ्हाइकं यावर हसतात. एक बागायतदार म्हणाले, "मिस्त्री, आमच्याच उसाचं पाणी आमच्याच गाडीला बाधतं म्हणा की."

ती मुंबईहून उडत येणारी ऑक्टाव्हिया अजून गावात आहे. आता ती उद्योजकांच्या मुलाकडे असते. तिच्या झाकणाआडच्या स्टिकरने मागितलेला ९५ ऑक्टेन इतक्या वर्षांनी गावातल्या साध्या नोझलमधून मिळतो आहे. पण तिच्या पेट्रोलच्या नळ्या आणि सील वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेली नाहीत. गेल्या पावसाळ्याआधी मिस्त्रींनी तिचे सगळे रबरी पाइप काढून इथेनॉल सोसणारे बसवले आणि टाकीतला पंपही बदलला. बिल पाहून मुलगा म्हणाला, "काका, एवढ्यात तर दोन वर्षं पॉवर भरलं असतं." मिस्त्री म्हणाले, "भरलं असतंस, पण पाइप तरी बदलावेच लागले असते. त्यातही इथेनॉल आहेच."